जीएफओ, कार्बन, बायोपेलेट्स तिन्ही चालू, तरी नायट्रेट जागचं हलेना

खारट_पाणी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय. खाऱ्या पाण्यातले मासे आणि कोरल (प्रवाळ) असलेली टाकी, साधारण ३०० लिटरची, खाली सम्प (गाळणीची दुसरी टाकी), त्यात स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा). बहुतेक कोरल एलपीएस (मोठ्या पॉलिपचे), वरच्या दगडावर थोडा माँटिपोरा आणि दोन छोटे अ‍ॅक्रोपोरा. आधी नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही चढलेले होते, काच रोज हिरवी व्हायची, दगडांवर केसाळ शेवाळ. म्हणून एका रिअ‍ॅक्टरमध्ये जीएफओ (फॉस्फेट ओढणारे लोह ऑक्साइडचे दाणे) आणि सक्रिय कार्बन मिसळून भरला आणि दुसऱ्यात बायोपेलेट्स (रिअ‍ॅक्टर म्हणजे मधून पाणी फिरवायचा डबा), असं सगळं एकदमच चालू केलं. फॉस्फेट धाडकन उतरलं, चेकर (फॉस्फेट मोजायचं यंत्र) आता ०.०० दाखवतो. नायट्रेट मात्र ४० ते ५० पीपीएमच्या मधे ठाण मांडून बसलंय. शेवाळ कमी झालं हे खरं, पण अ‍ॅक्रोपोराची टोकं पांढरी पडायला लागलीत आणि वाळूवर तपकिरी चिकट थर येतोय ज्यात बुडबुडे अडकलेले दिसतात, रात्री कमी होतो आणि लाइट लागले की दुपारपर्यंत परत हजर. पेलेट्स दुप्पट करावेत असं मनात आहे. करू का?

शंकासुर
मीपण याच वाटेवर आहे, बसतोच इथे. माझी भर: जीएफओ आणि कार्बन एकाच डब्यात मिसळलेले चालतात का नाही? एकजण म्हणतो बिनधास्त मिसळा, दुसरा म्हणतो पाप आहे.

स्किमर_सम्राट
सगळा मीडिया (डब्यांतला माल) काढून टाका, मोठा स्किमर लावा, दर आठवड्याला २० टक्के पाणी बदला. आमच्या वेळी असली खेळणी नव्हती आणि कोरल वाढायचेच.

प्रवाळवेडा
पेलेट्स दुप्पट अजिबात करू नका, आधी हात थांबवा. तीन गोष्टी सांगा. अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट) किती? पेलेट रिअ‍ॅक्टरचं बाहेर पडणारं पाणी नेमकं कुठे सोडलंय? आणि जीएफओ किती घातलं, डब्यावर लिहिलेली पूर्ण मात्रा का?

खारट_पाणी
अल्कलिनिटी ११ डीकेएच, मीठच तसं आहे. पेलेट्सचं पाणी सम्पच्या दुसऱ्या टोकाला पडतं, रिटर्न पंपाजवळ. जीएफओ पूर्ण मात्रा, थोडं जास्तच.

प्रवाळवेडा
मग तुमच्या धाग्याचं शीर्षकच तुमचं उत्तर आहे. तिन्ही चालू आहेत *म्हणून* नायट्रेट हलत नाहीये.

बायोपेलेट स्वतः नायट्रेट ओढत नाही हे आधी डोक्यात पक्कं करा. तो एक विघटन होणारा पॉलिमर आहे, म्हणजे बॅक्टेरियासाठी कार्बनचं खाद्य. त्यावर बॅक्टेरिया वाढतात, वाढताना पाण्यातलं नायट्रेट *आणि* फॉस्फेट अंगात घेतात, मग पेलेट्स एकमेकांवर घासून तो थर सुटतो आणि स्किमर त्याला टाकीबाहेर काढतो. यातली एक कडी तुटली की साखळी बंद. तुमच्याकडे दोन कड्या तुटल्यात. एक, जीएफओ फॉस्फेट आधीच उचलून घेतंय, बॅक्टेरियाला काही उरत नाही, ते वाढणार कशावर? दुसरी, सुटलेला थर स्किमरच्या तोंडाशी न जाता थेट रिटर्न पंपातून वर टाकीत चाललाय आणि तिथेच कुजतोय. एकाच गाड्याला दोन बैल उलट दिशांना जुंपलेत तुम्ही, आणि आता विचारताय तिसरा आणू का.

टोकं पांढरी पडतात त्याला ११ डीकेएच आणि शून्य फॉस्फेट ही जोडी कारण असू शकते. अल्कलिनिटी जास्त असली की कोरल सांगाडा वेगाने घालायला बघतो आणि वरच्या पेशींना पोसायला पाण्यात काही नसतं. पोषण इतकं कमी ठेवणारे लोक अल्कलिनिटी ७ ते ८.५ च्या आत ठेवतात. पण उद्याच ११ वरून ८ वर आणू नका हां, दिवसाला अर्धा डीकेएच पुष्कळ झाला.

क्षारपंडित
प्रवाळवेडा यांच्याशी सहमत, थोडे आकडे टाकतो म्हणजे "फॉस्फेट शून्य" ही बढाई का नाही ते कळेल.

१९३४ मध्ये रेडफिल्ड या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाने दाखवलं की समुद्री प्लवकांमध्ये नायट्रोजन आणि फॉस्फरस ठराविक प्रमाणात असतात. आज आपण म्हणतो ते प्रमाण कार्बन १०६, नायट्रोजन १६, फॉस्फरस १. हे अणूंचं प्रमाण आहे. आपले टेस्ट किट नायट्रेट आणि फॉस्फेट वजनात दाखवतात, तर १६ ला ६२ ने गुणा (नायट्रेटचं वजन) आणि ९५ ने भागा (फॉस्फेटचं), येतं साधारण १०.४. म्हणजे ढोबळमानाने १० पीपीएम नायट्रेट जिवांच्या अंगात जायला सुमारे १ पीपीएम फॉस्फेट लागतं.

आता ४० चं १० करायचंय म्हटलं तर हिशोबाने जवळपास ३ पीपीएम फॉस्फेट लागेल. एवढं कुणाच्या टाकीत एकावेळी नसतं आणि असूही नये, पण माशांच्या खाण्यातून ते रोज थोडं थोडं येत असतं. प्रश्न एवढाच की रोज येणारा तो वाटा आधी कोण पळवतो, बॅक्टेरिया का जीएफओ. हे प्रमाण बॅक्टेरियाला तंतोतंत लागू पडत नाही, शिवाय दगडाच्या आत आणि वाळूच्या खालच्या थरात ऑक्सिजन कमी असतो तिथे नायट्रेटचा थेट नायट्रोजन वायू होतो, त्याला एवढं फॉस्फेट लागत नाही. म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून बरा येतो. पण दिशा हीच.

शंकासुर
वाखूसा (वाचनखूण साठवली)! पण साहेब, नायट्रेटसाठी जीएफओसारखं काही का नाही, घातलं की ओढून घेणारं? गोड्या पाण्यात रेझिन मिळतात की.

क्षारपंडित
गोड्या पाण्यात चालतात कारण तिथे स्पर्धा नसते. समुद्राच्या पाण्यात क्लोराइडच लिटरमागे १९ ग्रॅमच्या आसपास, वर २.७ ग्रॅम सल्फेट, आणि नायट्रेट काही मिलिग्रॅम. रेझिनवरच्या सगळ्या जागा हे दोघे आधीच बळकावून बसतात. झिओलाइट या खनिजाचं अमोनियमच्या बाबतीत तसंच, खाऱ्या पाण्यात सोडियम आडवं येतं. झिओलाइट पद्धत वापरणाऱ्यांचे दगड मुख्यतः बॅक्टेरियाचं घर म्हणून उपयोगी पडतात, म्हणून तर ते दगड रोज हलवायला सांगतात, साचलेला थर सुटावा म्हणून.

तर खाऱ्या पाण्यात नायट्रेट बाहेर काढायचं म्हणजे जिवंत काहीतरी वाढवूनच (बॅक्टेरिया, शेवाळ), किंवा गंधकाच्या डिनायट्रेटरने (नायट्रेटचा वायू करणारा डबा), नाहीतर पाणी बदलून. चौथा उपाय मला तरी माहीत नाही.

स्किमर_सम्राट
बघा, शेवटी पाणी बदलणंच.

क्षारपंडित
सम्राट, हिशोब करून बघा. ४० पीपीएमवर २० टक्के पाणी बदललं की ३२ राहतं. आठवड्यात खाण्यातून परत ८ तयार झालं तर पुढच्या रविवारी पुन्हा ४०. तुम्ही जन्मभर बदलत राहाल. चढलेला आकडा एकदा खाली आणायला मोठे बदल कामाचे, ५० टक्क्यांनी थेट २० होईल (क्षारता, तापमान, अल्कलिनिटी जुळवून, नाहीतर कोरलचे हाल). रोजची आवक मात्र दुसरं कुणीतरी उचलायला हवी.

टाकीवाली
मी कार्बनबद्दल लिहिते कारण या सगळ्या भांडणात त्या बिचाऱ्याचं नाव उगाच खराब होतंय. कार्बन नायट्रेट किंवा फॉस्फेट काढत नाही, ते त्याचं कामच नाही. तो पाण्यातला पिवळेपणा, विरघळलेले सेंद्रिय पदार्थ आणि कोरल एकमेकांवर सोडतात ती विषं ओढतो. माझ्या टाकीत लेदर आणि झोआ हे मऊ कोरल भरपूर आहेत आणि शेजारी थोडे एसपीएस (छोट्या पॉलिपचे कोरल), कार्बन संपत आला की एसपीएसचे पॉलिप आत जातात, बदलला की बाहेर. मला टेस्ट किटची गरजच नाही.

खारट_पाणी, एक बघा. खूप दिवस कार्बन नव्हता आणि एकदम भरपूर घातला तर पाणी इतकं स्वच्छ होतं की तोच लाइट कोरलवर जास्त जोरात पडतो. फिक्कट पडण्यात तोही वाटा असू शकतो. नवीन कार्बन थोड्या मात्रेने सुरू करा किंवा लाइट काही दिवस कमी ठेवा. आणि काळं पाणी जाईपर्यंत आरओ पाण्यात धुवा. २०११ मध्ये ओशन सर्जनफिशवर प्रयोग झाला होता, लिग्नाइट कार्बन वापरलेल्या टाक्यांत माशांच्या डोक्यावर आणि कडेच्या रेषेवर खड्डे पडले होते, बारीक धुळीकडे बोट दाखवतात लोक. टँग (म्हणजे सर्जनफिशच) पाळणाऱ्यांनी कडक, कमी धूळ सोडणारा पेलेटचा कार्बन घ्यावा.

अजून एक, काही कार्बन स्वतःच फॉस्फेट सोडतात. मूठभर कार्बन आरओ डीआय (सगळे क्षार काढलेल्या) पाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी त्या पाण्याची फॉस्फेट टेस्ट करा. आकडा आला तर तो कार्बन टाकीत नको.

शंकासुर
पण ताई मिसळायचं का नाही ते राहिलंच!!

टाकीवाली
मिसळायचं. मी मिसळते. जीएफओ एकटं असलं की दाणे एकमेकांना चिकटून दगड होतो, कार्बनचे दाणे मधे आले की तो मोकळा राहतो. छोटी टाकी, एकच रिअ‍ॅक्टर, एकच पंप, कोण दोन दोन सांभाळणार.

प्रवाळवेडा
इथे मी टाकीवालीताईंशी सहमत नाही. चालतं, पण नासधूस होते. कार्बन दोन ते चार आठवड्यांत दमतो. जीएफओचं तसं काही ठरलेलं नाही, पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तर चार दिवसांत संपेल, कमी असेल तर दोन महिने जाईल. मिसळले की एक संपला म्हणून दुसरा चांगला फेकायचा, किंवा दुसऱ्यासाठी पहिला मेलेला तसाच ठेवायचा. प्रवाहाचंही आहे, जीएफओचा वरचा थर हलका हलका हलत राहायला हवा, कार्बन हलला की घासून त्याची पूड होते. दोघांना खूश करणारा वेग म्हणजे जेमतेम हलण्याइतका.

आणि मुख्य म्हणजे मिसळलं की जीएफओ *कमी* करता येत नाही. आज खारट_पाणी यांना नेमकं तेच करायचंय, कार्बन ठेवून जीएफओ काढायचंय, आणि दोन्हीची खिचडी झालीय.

दोन डबे एकापाठोपाठ असतील तर आधी कार्बन मग जीएफओ. सेंद्रिय पदार्थ आणि कचरा कार्बनवर अडकतो, जीएफओच्या दाण्यांवर थर बसत नाही, ते जास्त दिवस चालतं. बायोपेलेट मात्र या दोघांच्याही डब्यात कधीच नाही. त्याला उसळवणारा जोराचा प्रवाह लागतो, त्यात जीएफओचं पीठ होऊन लाल पाणी टाकीभर जाईल. आणि पेलेट्स थांबले, गठ्ठा झाला की आत ऑक्सिजन संपून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. लाइट जाऊन परत आले की पहिलं पेलेट्स उसळतायत ना ते बघायचं. बराच वेळ बंद राहिले असतील तर डबा उघडून हुंगायचा, सडक्या अंड्याचा वास आला तर ते पाणी टाकीत न सोडता ओतून द्यायचं.

टाकीवाली
खिचडीचा मुद्दा मान्य. ज्याला अजून आकडे स्थिर करायचेत त्याने वेगळे ठेवावेत. माझी टाकी स्थिर आहे म्हणून मला चालतं.

खारट_पाणी
बरं, जीएफओ काढायचंच असं धरतो. पण मग परत केसाळ शेवाळ नाही का येणार? आणि वाळूवरचा तो थर काय आहे? सायनो (सायनोबॅक्टेरियाचा थर) म्हणून वाळू सायफन केली, दुसऱ्या दिवशी तसाच.

क्षारपंडित
वर्णनावरून डायनो वाटतायत, डायनोफ्लॅजेलेट नावाचे एकपेशीय जीव. रात्री विरतो, लाइटखाली परत जमतो, बुडबुडे अडकलेले तार, ही त्यांची लक्षणं, पण नुसतं बघून शिक्का मारू नका. थोडा थर बाटलीत टाकीच्या पाण्यासकट घ्या, जोरात हलवा, कॉफी फिल्टरमधून गाळा, गाळलेलं पाणी लाइटखाली तासभर ठेवा. परत गोळा होऊन तार जमले तर बहुधा डायनोच. साधा मायक्रोस्कोप मिळाला तर उत्तमच. त्यांच्यातले ऑस्ट्रिऑप्सिस थेंबाच्या आकाराचे, एका टोकाशी बांधल्यासारखे गोल फिरतात. अ‍ॅम्फिडिनियम चपटे लंबगोल, वाळूतच सरपटतात.

हा फरक उपायासाठी लागतो. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगतात म्हणून यूव्ही दिवा त्यांच्यावर चालतो. वाळूतल्या अ‍ॅम्फिडिनियमवर यूव्ही जवळपास वाया. दोन्हीत समान गोष्ट एकच, नायट्रेट किंवा फॉस्फेट तळाला गेलं की यांचं राज्य येतं, कारण स्पर्धा करणारं बाकी शेवाळ आणि बॅक्टेरिया उपाशी मरतात. कार्बन मात्र चालू ठेवा, काही डायनो विषारी असतात, गोगलगायी मरतात त्यांच्यामुळे.

शेवाळ परत येईल का तर थोडं येईल. येऊ द्या. काचेवर दोन-तीन दिवसांनी हिरवी झाक येणं हे टाकी जिवंत असल्याचं लक्षण आहे, काच रोज पुसावी लागत नसली म्हणजे झालं.

स्किमर_सम्राट
हे शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा. शून्याच्या नादाने जेवढ्या टाक्या गेल्या तेवढ्या शेवाळाने गेल्या नसतील.

शंकासुर
माझ्या चेकरवर आज २० आलं. २० पीपीएम फॉस्फेट??? टाकी मेली का माझी?

टाकीवाली
लोल. तुझा चेकर फॉस्फरस दाखवणारा असेल, पीपीबीमध्ये (अब्जात किती). त्या आकड्याला ३.०६६ ने गुण आणि १००० ने भाग. २० चं होतं ०.०६. उत्तम आहे, हात लावू नकोस.

क्षारपंडित
आणि त्या चेकरची चूक अधिक-उणे ५ पीपीबी असू शकते हे धरा, म्हणजे ५ आणि ० मधला फरक फारसा अर्थाचा नाही. काचेच्या कुपीवर बोटाचा ठसा असला तरी आकडा हलतो. एका आकड्यावर निर्णय घेऊ नका, तीन-चार मोजमापांचा कल बघा.

प्रवाळवेडा
खारट_पाणी, आता क्रमाने. एका वेळी एकच बदल, मधे निदान आठवडाभर थांबून.

आधी पेलेट्सचा पाइप स्किमरच्या तोंडाशी न्या, हे आजच, याने बिघडत काही नाही. मग तो मिसळलेला डबा रिकामा करून त्यात नुसता कार्बन भरा. फॉस्फेट मोजत राहा, ०.०३ ते ०.०८ च्या मधे आलं की नायट्रेटवर नजर ठेवा, हलायला लागेल. पेलेट्स आहेत तेवढेच. अल्कलिनिटी हळूहळू ८.५ कडे. खाणं कमी करू नका, उलट कोरलना थोडं द्या. आणि फिल्टर सॉक (पाणी गाळायची पिशवी) दर दोन-तीन दिवसांनी बदला, त्यात अडकलेला कचरा तिथेच कुजून नायट्रेट बनतो आणि आपण रिअ‍ॅक्टरला शिव्या देतो. आरओ डीआयचा टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य आहे ना तेही एकदा बघा.

खारट_पाणी
केलं. पाइप हलवला, नुसता कार्बन ठेवला. बाकी कळवतो.

खारट_पाणी
अपडेट. पहिले काही दिवस चेकर ०.०० च दाखवत होता, मी पॅनिक. मग हळूहळू ०.०२, ०.०४, आणि आता ०.०९. नायट्रेट ३० वर आलंय! स्किमरचा कप आधीपेक्षा लवकर भरतोय आणि घाण जास्त काळी. तपकिरी थर अजून आहे पण पातळ झालाय. एक कळत नाही, खाणं तेवढंच असताना फॉस्फेट थांबायला तयार नाही, कुठून येतंय?

क्षारपंडित
दगडातून. आपले दगड आणि वाळू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्यावर फॉस्फेट चिकटतं. टाकीत आकडा जास्त होता तेव्हा त्यांनी भरून घेतलं, जीएफओने पाणी रिकामं केलं तसं ते परत सोडतायत. म्हणून पाण्यातला आकडा झटकन उतरतो पण टिकत नाही. दगड जुने आणि भरलेले असतील तर हे काही महिने चालेल, आणि तुमच्या बॅक्टेरियासाठी ही चांगली बातमी आहे.

शंकासुर
लँथॅनम क्लोराइड टाकून एका झटक्यात काढता येतं म्हणे?

प्रवाळवेडा
शंकासुरा, तू ०.०६ वर आहेस, तुला काय करायचंय लँथॅनमचं! काम करतं ते, फॉस्फेटशी जुळून न विरघळणारा पांढरा साका बनतो. पण तो साका ५ ते १० मायक्रॉनच्या सॉकमध्ये अडकवायला लागतो, थेंब थेंब सोडावं लागतं, अल्कलिनिटीही खातं आणि घाई केली तर टँग धापा टाकायला लागतात. मोठी, फॉस्फेट खूप चढलेली टाकी असेल तर विचार करायचा. अ‍ॅल्युमिनियमवाले पांढरे गोळेही आहेत, पटकन ओढतात, पण लेदर कोरल त्यावर रुसून बंद होतात असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

टाकीवाली
माझे रुसले होते. दोन दिवस तोंड पाडून उभे.

खारट_पाणी
आज फॉस्फेट ०.१२, नायट्रेट २२. आता जीएफओ परत आणायची वेळ आली का अजून थांबू?

प्रवाळवेडा
नायट्रेट उतरतंय तोवर थांबा. ०.१५ च्या वर जायला लागलं तर आणा, पण वेगळ्या डब्यात, मात्रेच्या एक चतुर्थांश, लाल पाणी जाईपर्यंत धुवून. आणि दिवस मोजून बदलू नका. डब्यात शिरणाऱ्या आणि डब्यातून निघणाऱ्या पाण्याचं फॉस्फेट मोजा, दोन्ही सारखं आलं की तो जीएफओ मेला. तेव्हा लगेच नवं भरायची घाईही नको, आधी टाकीतला आकडा बघा, ०.०५ च्या खाली असेल तर डबा रिकामाच फिरू दे.

शंकासुर
डबा रिकामा फिरवायचा तर पंप का चालू ठेवायचा?

प्रवाळवेडा
बरोबर आहे, बंद कर. पण आतलं साचलेलं पाणी ओतून टाक, परत चालू करशील तेव्हा ते टाकीत जायला नको.